राइड-ऑन मोवर गरम झाला की चढावर थांबतो, इंजिन उघडावं का?

लॉन्सवाला_तुळजापूररोड
नमस्कार मंडळी. सोलापुरात तुळजापूर रोडला आमचं मंगल कार्यालय आहे, मागं मोठं लॉन. गवत कापायला पुण्याहून जुना राइड-ऑन मोवर, म्हणजे वर बसून चालवायचा, आणलाय. साडेसतरा एचपीचं एक सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह, म्हणजे गिअर नाहीत, पायानं पेडल दाबलं की पुढं-मागं जातो.

सपाटीला तक्रार नाही. पण स्टेजच्या मागं मुरूम टाकून उंचवटा केलाय, तो सकाळी झकास चढतो आणि अर्ध्या तासानं तोच चढ नको म्हणतो. पेडल पूर्ण दाबलं तरी रांगतो, मग जागेवरच उभा. लिंबाच्या सावलीत तासभर सोडला की परत चढायला तयार. दुचाकीच्या मिस्त्रीनं कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, फरक शून्य. आता म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन उतरवू. लग्नसराई तोंडावर आहे. उतरवू द्यावं का?

जुना_लूमफिटर
काय वो मालक, थांबवा त्याला आधी! एवढंच सांगा, मोवर चढावर थांबतो तेव्हा इंजिनचा आवाज पडतो का? पडत असेल, धाप लागल्यासारखं होत असेल, तर इंजिन बघू. आवाज तसाच राहून चाकंच फिरत नसतील तर इंजिनचा काही संबंध नाही.

लॉन्सवाला_तुळजापूररोड
आवाज अजिबात पडत नाही. पातंही जोरात फिरतं.

जुना_लूमफिटर
मग रिंगांचे पैसे खिशात ठेवा.

मी आयुष्यभर लूम दुरुस्त केले, आता अक्कलकोट रोडला पॉवर टिलर, वीडर, असले मोवर बघतो. इंजिनची ताकद चाकापर्यंत दोन टप्प्यांत जाते. आधी पट्टा, मग मागच्या एक्सलवरचा हायड्रोस्टॅटिक डबा. पट्टा घसरत असेल तर बहुतेक वेळा थंड असतानाही थोडा घसरतो, जळक्या रबराचा वास येतो, कडा आरशासारख्या गुळगुळीत होतात. ताण देणाऱ्या पुलीची स्प्रिंग सैल झाली तरी तेच. बदलायची वेळ आली तर पिठाच्या गिरणीचा पट्टा घालू नका. मापाला बसतो, पण मोवरला आतून केव्हलारचा धागा असलेला पट्टा लागतो, साधा ताणून लांबतो.

पण तुमचं 'थंड असताना चालतो, तापला की बसतो' हे लक्षण मला डब्याचं वाटतं. आत पंप तेलाला दाब देतो आणि त्या दाबावर मोटर चाकं फिरवते. तेल तापलं की पातळ होतं, पंपाच्या फटींतून मागं सुटतं, दाब टिकत नाही. सपाटीला कमी दाब पुरतो म्हणून कळत नाही, चढाला जास्त लागतो तिथं उघडं पडतं. त्यात आपला एप्रिल, बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन.

इंजिन बंद, किल्ली काढलेली, प्लगची वायर सोडलेली, मगच खाली हात घाला. डब्याच्या डोक्यावरच्या पुलीवर डबा थंड ठेवणारा प्लास्टिकचा पंखा असतो, त्याची पाती शाबूत आहेत का बघा. डब्याच्या बाहेरच्या रेघांत गवत-माती थापली असेल तर ती काढा. आणि मागं ढकलण्याचा एक लिव्हर असतो, गाडी मोकळी करून हातानं सरकवायला. पोरं मोवर शेडमध्ये ढकलताना तो ओढतात आणि पूर्ण आत सारत नाहीत. तो अर्धवट राहिला की तेलाला पळवाट मिळते.

हिरवळ_आणि_ऊन
फिटरकाकांनी मूळ सांगितलंच आहे. मी फक्त उताराचं बोलतो, कारण मी एक मोवर उलटताना पाहिलाय. उतारावर आडवं चालवू नका, सरळ वर-खाली. बहुतेक राइड-ऑन १५ अंशांपेक्षा जास्त उताराला चालवू नयेत असंच त्यांच्या पुस्तकात असतं. मधेच थांबला तर पातं बंद, ब्रेक लावा, चाकाला दगड. तिथं तो लिव्हर ओढलात तर गाडी थेट खाली. आणि दुरुस्ती होईपर्यंत उंचवटा सकाळी सगळ्यात आधी कापा, गवताची पिशवी रिकामी ठेवून. सपाट भाग नंतर.

लॉन्सवाला_तुळजापूररोड
बघितलं. पट्टा चांगला, लिव्हर पूर्ण आत. पण पंख्याची दोन पाती गायब! रेघांवर वाळलेलं गवत आणि काळी माती गोवरीसारखी थापलेली, स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढली. आता मोवर बराच जास्त वेळ चढतो, पण शेवटी दमतोच. पंखा मागवलाय. डब्यावर के४६ असा शिक्का आहे. ९० नंबरचं गिअर ऑइल ओतून बघू का?

जुना_लूमफिटर
९० नंबर नको, ते गिअरचं तेल, त्या पंपासाठीचं नाही. के४६ सपाट हिरवळीसाठी केलेला हलका डबा, चढ हा त्याचा प्रांतच नाही. खाली ड्रेन प्लग नसतो, म्हणून डबा उतरवून उलटा करूनच तेल काढावं लागतं. कटकट आहे, पण होतं. बरेच जण ५डब्ल्यू-५० सिंथेटिक इंजिन ऑइल भरतात, मीही तेच भरतो.

भरल्यावर हवा काढल्याशिवाय चालवू नका. मागची चाकं घोड्यावर (लोखंडी स्टँडवर) उचला, लिव्हर ओढलेला ठेवून इंजिन चालू करा, पेडल सावकाश पाच-सहा वेळा पुढं आणि तितकंच मागं दाबा. मग लिव्हर आत सारून परत तेच.

जुनं तेल पांढऱ्या भांड्यात काढा. नुसतं काळं निघालं तर नवीन तेलावर चालेल. बोटावर चंदेरी चमक आली तर आतला पंप झिजलाय, मग तेलावर पैसे घालवू नका. तसं दिसलं तर फोटो टाका, तेवढ्याचा पंप मिळतो का बघू, नाहीतर लग्नं उरकेपर्यंत उंचवट्यावर हाताचं ब्रशकटर फिरवा.