बोली जिंकली, वस्तू आलीच नाही: तुमचेही अनुभव लिहा

टकटक

मंडळी, माझे वडील तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. गोदरेजचं मराठी टाइपरायटर यंत्र होतं. पुढे ते भंगारात गेलं, केवढ्याला ते घरात कोणी सांगत नाही. तीन-चार वर्षं मी तसंच यंत्र शोधतोय. इंग्रजी कळांची पुष्कळ मिळतात, देवनागरी क्वचित.

गेल्या महिन्यात एका लिलावाच्या साइटवर दिसलं. सुरुवातीची बोली ५०० रुपये, राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही अशी) नाही. रविवारी रात्री ९.४० ला लिलाव संपणार होता. जेवण अर्धवट टाकून बसलो. शेवटच्या मिनिटात एकाशी जुंपली आणि २,३५० ला मी जिंकलो. 'अभिनंदन'चा हिरवा पट्टा आला, त्याचा फोटो काढून बहिणीला पाठवला.

सोमवारी विक्रेत्याचा निरोप: "सर, पॅक करताना हातातून पडला. कॅरेज तुटली. कॅन्सल करतो." पैसे त्याच दिवशी परत. मी लिहिलं, तुटका द्या, मी दुरुस्त करून घेईन. उत्तर नाही. गुरुवारी तेच यंत्र पुन्हा लिलावात. फोटो तेच, 'ळ'च्या कळीवरचा पांढरा ठिपकाही तोच. सुरुवातीची बोली ६,०००.

साइटवाल्यांचं म्हणणं, पैसे परत मिळाले ना? मग नुकसान काय झालं? याचं उत्तर मला धड देता आलं नाही, म्हणून हा धागा. तुमच्या बाबतीत असं झालंय का? कारण काय सांगितलं? पुढे तुम्ही काय केलंत? विकणाऱ्यांनीही लिहा. शिव्या घालणार नाही, एखादी सोडून.

नाणेबाज

पडलं, हरवलं, दुकानात आधीच विकलं गेलं होतं, टाकताना एक शून्य राहिलं, घरचे विकू देत नाहीत. झाली सगळी कारणं. माझ्या वाट्याला शेवटचं आलं.

आमच्या नाण्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात रोज रात्री लिलाव असतो. नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, सुरुवातीची किंमत, किमान वाढ २० रुपये, १० वाजता बंद. शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली तर वेळ पाच मिनिटं पुढे. एक शिवराई (तांब्याचं मराठेशाही नाणं) होती, एका बाजूला 'श्री राजा शिव' पूर्ण वाचता येणारी. सहसा अक्षरं नाण्याच्या बाहेर गेलेली असतात, त्यामुळे अशी मिळणं नशिबाचं. ६८० ला मला लागली. अ‍ॅडमिनने 'सोल्ड' लिहिलं. सकाळी विक्रेता म्हणतो, "वडील रागावले, घराण्यातलं नाणं आहे." आठवड्याने दुसऱ्या गटात तेच घराणं १,५०० ला निघालं.

मी दोन्हीकडचे फोटो शेजारी शेजारी ठेवून अ‍ॅडमिनना पाठवले. नाण्याच्या कडेची खोच हा त्याचा आधारकार्ड असतो, नाकारताच येत नाही. संध्याकाळपर्यंत तीन गटांतून त्याला काढलं. नाणं काही मिळालं नाही. पण आमच्या धंद्यात नाव गेलं की पुढचा माल कोणी बघत नाही.

अजून एक. असे लोक बोली चढवायला मित्राचा नंबर लावतात. कधी मित्रच चुकून जिंकतो, मग 'पहिल्याने पैसे दिले नाहीत, तुम्ही घेता का' असा फोन येतो. मी अशा वेळी मित्र शिरण्याआधीची माझी बोली सांगतो. बहुतेक वेळा देतात.

लेस्टरची सून

माझ्या बाबतीत विक्रेताच बरोबर होता. इथून, इंग्लंडातून बोली लावून मी एक दुदांडी (दोन आडव्या रेघांची) शिवराई जिंकले होते, साताऱ्याकडच्या काकांकडून. त्यांनी लिहिलं, "ताई, पाठवता येणार नाही, कायद्यात बसत नाही." मला वाटलं, भाव कमी आला म्हणून थापा मारताहेत. चांगलं खरमरीत पत्र लिहिलं मी त्यांना. नंतर कळलं, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं असं टपालाने देशाबाहेर पाठवताच येत नाही. माफी मागितली. आता माझी नाणी माहेरी, आईच्या कपाटात जमतात आणि मी ती व्हिडिओ कॉलवर बघते.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत मात्र विक्रेत्याची चांगलीच गोची होते. मी मुलांना पुढच्या पेटीत बसवायची सायकल २१२ युरोला जिंकलो. बाजारात तसली जुनी हजाराच्या खाली मिळत नाही. विक्रेत्याने कळवलं, "एवढ्या कमी किमतीत देणं शक्य नाही, समजून घ्या." मी समजून घेणारच होतो, आपला स्वभाव. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, वेडा आहेस का, पत्र लिही.

त्याने पसाटची गोष्ट सांगितली. एकाने जुनी पसाट गाडी लिलावात टाकली, सुरुवातीची किंमत १ युरो. एकाने ती १ युरोची बोली लावली, स्वतःची कमाल मर्यादा ५५५.५५ युरो ठेवून. तेवढ्यात मालकाला बाहेर ४,२०० देणारं गिऱ्हाईक मिळालं, त्याने लिलाव मधेच बंद केला. प्रकरण कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेलं. २०१४ मध्ये निकाल लागला: करार झालेला आहे. गाडीची किंमत ५,२५० धरली आणि त्यातून बोलीचा १ युरो वजा करून ५,२४९ युरो भरपाई. किमान किंमत न लावता १ युरोपासून सुरू करायचा धोका मालकाने स्वतःच पत्करला होता, असं न्यायालयाचं म्हणणं.

मी चौदा दिवसांची मुदत देऊन साधं पत्र पाठवलं, त्यात निकालाची तारीख घातली. नवव्या दिवशी माणूस सायकल घेऊन दारात. चहा विचारला, नको म्हणाला. मला त्या दिवशी जिंकल्यासारखं फारसं वाटलं नाही, खरं सांगतो. पण मुलं अजून त्याच सायकलवरून शाळेत जातात.

याची दुसरी बाजूही आहे. काही लोक शेकडो लिलावांत एक-एक युरो लावून ठेवतात आणि कोणी लिलाव थांबवला की नोटीस धाडतात. इकडे त्यांना 'लिलाव मोडण्याचे शिकारी' म्हणतात, आणि न्यायालयांनाही त्यांचा वीट आलाय.

काळा कोट

टकटक, आपल्याकडेही कायदा अगदीच मुका नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४: हातोडा पडला किंवा रूढ पद्धतीने लिलाव संपल्याचं जाहीर झालं की विक्री पूर्ण. त्याआधी बोली मागे घेता येते, नंतर नाही. ऑनलाइनला हातोडा म्हणजे शून्यावर आलेलं घड्याळ, असा युक्तिवाद मी तरी करेन. पण साइटची नियमावली आधी वाचा, तिथे विक्रेत्याला पळवाट ठेवलेली असते. नाणेबाज, तुमच्या मित्रवाल्या प्रकारालाही याच कलमात जागा आहे: खोट्या बोलीने भाव चढवला असेल तर खरेदीदार व्यवहार रद्द करू शकतो.

माल न दिल्यास कलम ५७ खाली नुकसानभरपाई. 'नुकसान काय झालं' याचं उत्तर तिथे आहे: तसंच यंत्र बाजारात ज्या भावाला मिळतं आणि तुम्ही ज्या भावाला जिंकलंत, त्यातला फरक. बाजारभाव विक्रेत्याने स्वतःच ६,००० लिहून दिलाय, ते पान जपून ठेवा. वस्तूच हवी असेल तर कलम ५८, पण ते न्यायालयाच्या मर्जीवर. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये अशीच वस्तू देववली होती, आणि ती होती जुनं विरावे विमान! दीड लाख डॉलरला ई-बेवर जिंकलेलं. मालकाला बाहेर एक लाख जास्त मिळत होते. न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयाने सांगितलं, विमान द्या. कारण तसं दुसरं बाजारात जाऊन आणता येत नाही.

ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. घरातली एखादी जुनी वस्तू विकणारा 'व्यापारी' ठरतो का, यावर वाद होईल. पण तुमचा माणूस दर आठवड्याला काहीतरी विकत असेल तर त्याच्या जुन्या लिलावांची पानं जमवा. आधी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन करून बघा. आणि २,३५० रुपयांसाठी माझ्यासारख्याला फी देऊ नका.

लिलावग्रस्त

माझा आकडा जरा मोठा आहे. २०१९. एका बँकेने कर्ज थकलेला कल्याणचा फ्लॅट ऑनलाइन लिलावात काढला. राखीव किंमत ३१ लाख, अनामत दहा टक्के. मी ३२ लाख ४० हजारांना जिंकलो. दुसऱ्या दिवसापर्यंत पंचवीस टक्के भरायचे असतात, भरले. उरलेले पंधरा दिवसांत. दोन मुदत ठेवी मोडल्या, सासऱ्यांकडून चार लाख घेतले. बाराव्या दिवशी बँकेतून फोन, "कर्जदाराने पैसे भरले, विक्री रद्द." एवढंच. मी जिन्यात उभा होतो, तसाच पायरीवर बसलो. बायको पडद्यांची मापं घेऊन आली होती त्या घराची.

पैसे ४७ दिवसांनी आले, बिनव्याजी. मॅनेजर म्हणाले, "तुमचं नशीब, अडकले तरी नाहीत." सासऱ्यांचे पैसे परत करताना त्यांनी काही विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

मग सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स हा निकाल आला. तिथे बोली १०५ कोटी ५ लाखांची, नंतर कर्जदार १२९ कोटी द्यायला तयार झाला आणि बँकेलाही ते गोड लागलं. मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी दिली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली. लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की मालमत्ता सोडवायचा कर्जदाराचा हक्क संपला, असं सांगितलं. मी तो निकाल छापून घेतलाय. कशासाठी, माहीत नाही. वकिलांनी सांगितलं, पैसे काही लेखी हरकत न घेता परत घेतलेत, आता फार ताणू नका.

बांधावरून

आमच्याकडे उलटं. ई-नामवर, म्हणजे शेतमालाच्या सरकारी ऑनलाइन बाजारात, व्यापाऱ्याने बोली लावली तरी भाव पटला नाही तर शेतकरी नाही म्हणू शकतो. पण ते आधीच सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कोणी फसल्यासारखं वाटून घेत नाही. आता नाही म्हणून कांदा परत घरी न्यायचं गाडीभाडं खिशात हवं, तो भाग वेगळा.

सावध_आता

माझ्या विक्रेत्याने नाकारलं नाही, फक्त म्हणाला, "साइटवर कॅन्सल करतो, कमिशन वाचेल. थेट यूपीआय करा, तीनशे कमी द्या." ४,८०० गेले. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर तक्रार नोंदवली, पण दुसऱ्या दिवशी. फोन तासाभरात करायला हवा होता.

चावीचं घड्याळ

एक शिवी शिल्लक असेल तर इकडे द्या. मी शब्द फिरवलाय.

आजोबांचं एचएमटी जनता. रोज सकाळी देवपूजेनंतर चावी द्यायचे. ते गेल्यावर तीन वर्षं कपाटात पडून होतं, पट्टा कुजला. मी १ रुपयापासून लिलावाला लावलं, वाटलं हजारांच्या पुढे जाईल. ४१० ला गेलं. पाकीट करताना सहज चावी दिली तर चालू झालं. मी विकत घेणाऱ्याला लिहिलं, घड्याळ बंद पडलंय, पाठवत नाही. म्हणजे नेमकं खऱ्याच्या उलट.

तो बिचारा लिहितो, "काही हरकत नाही दादा, माझ्याकडे जनताचे सुटे भाग आहेत. पाठवा, दुरुस्त करून परत देतो, पैसे नकोत." मी उत्तर दिलं नाही. टकटक, तुम्ही विक्रेत्याला 'तुटका द्या' लिहिलंत ते वाचलं आणि तोच आठवला. अजून त्याचा पत्ता माझ्याकडे आहे.

टकटक

सगळ्यांचे आभार. काळा कोट, पानं जमवली. माणूस आठ महिन्यांत ६३ वस्तू विकून बसलाय, म्हणजे घरचं कपाट आवरत नव्हता. १९१५ वर तक्रार नोंदवली, आयोगाचा अर्ज बहिणीने लिहायला घेतलाय.

चावीचं घड्याळ, शिवी देत नाही. पत्ता आहे ना, मग लिहा त्याला.

यंत्र अजून विकलं गेलेलं नाही. ६,००० वर एकही बोली नाही. काल ४,५०० केलंय. फोटो अजून तेच आहेत.