'केमोटाइप'ला मराठीत काय म्हणावं? (दगडफूल, शैवाक वगैरे)

घाटमाथा:
साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात लायकेनचं, म्हणजे दगडफुलाचं, प्रदर्शन आहे, त्याच्या फलकांचं मराठी माझ्याकडे आलंय. एका शब्दाशी दोन दिवस अडलोय. झाडाच्या सालीवर राखाडी, पानासारखं पसरलेलं दगडफूल घ्यायचं, ब्लेडने वरचा थर खरवडायचा आणि आतल्या पांढऱ्या भागावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. आत सॅलॅझिनिक आम्ल असेल तर डाग पिवळा होऊन बघता बघता लाल होतो. स्टिक्टिक आम्ल असेल तर पिवळ्या-नारिंगीवरच थांबतो. लेकॅनोरिक असेल तर या थेंबाने काहीच होत नाही, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मात्र लालभडक. कधी कधी दिसायला हुबेहूब सारखी, पण आतलं रसायन वेगळं, अशी दगडफुलं सापडतात. त्या गटांना केमोटाइप म्हणतात. मी 'रसायनप्रकार' लिहिलं, पण वाचणाऱ्याला तो रसायनाचा प्रकार वाटतो. प्रकार तर दगडफुलाचा आहे! दुसरा शब्द सुचवा.

जुना मास्तर:
आधी 'दगडफूल' काढा. ते फूल नाही आणि दगडावरच उगवतं असंही नाही. 'शैवाक' लिहा. शैवल आणि कवक (बुरशी) एकत्र राहतात, त्या दोघांचा संसार शब्दातच दिसतो. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी 1867 मध्ये हे दुहेरी राहणं मांडलं तेव्हा मोठमोठ्या अभ्यासकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. ते सत्य सांगणारा शब्द आपल्याकडे तयार आहे, तो का टाकायचा?

हळदपेठ, सांगली:
सर, दगडफूल का काढता? कांदा-लसूण मसाल्याच्या दिवसांत आई दुपारभर ते निवडत बसायची. पाकळी उलटी केली की खाली काळी आणि तिला झाडाच्या सालीचा चिकटलेला तुकडा. तो नखाने काढायचा, हे काम आम्हा पोरांचं. कच्चं नाकाला लावलं तर वास जवळजवळ नाही, तेलात परतलं की घरभर. दगडावरचं नाही हे आम्हाला सालीवरून तेव्हाच कळत होतं, तरी शब्द कुणाला खटकला नाही.

मिरजेची:
आणि तो काही बाजारू शब्द नव्हे. आयुर्वेदात 'शैलेय' आहे, 'शिलापुष्प' आहे. दगडफूल त्याच वाटेवरचा. 'शैवाक' ऐकून माझ्या लेकीने विचारलं, "हे शंकराचं काही आहे का?"

घाटमाथा:
मंडळी, केमोटाइप राहिलं.

हळदपेठ, सांगली:
त्याला 'वाण' म्हणा की. आमच्याकडे राजापुरी आणि सेलम, दोन्ही हळदच, वाण वेगळे. तुमचा थेंबही आम्हाला नवा नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच करतात.

जुना मास्तर:
वाण माणूस पेरतो आणि निवडतो. महाबळेश्वरच्या जांभळावर आपसूक आलेल्या शैवाकाला वाण कसा?

मिरजेची:
सर, 'ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला.' इथे वाण म्हणजे रंग, 'वर्ण'पासून आलेला. थेंबाने दिसतो तो रंगच. मला तर हाच शब्द नेमका वाटतो.

जुना मास्तर:
ताई, म्हणीनेच तुमचं म्हणणं मोडतं. इथे वाण एकच आहे, बाहेरून दोन्ही राखाडी. वेगळा आहे तो गुण. म्हणून 'गुणभेद' हवं.

प्रयोगवही:
मी लायकेनवरच काम करते. लॅबमध्ये आम्ही मराठी बोलतानाही 'केमोटाइप'च म्हणतो. शब्दाइतकाच त्यामागचा वादही जुना आहे. लायकेनचे अभ्यासक निलँडर यांनी 1866 मध्ये थेंबाच्या चाचण्या सुरू केल्या, जपानच्या आसाहिनांनी त्यात भर घातली, पुढे चिसिता कल्बर्सन यांनी क्रोमॅटोग्राफीची (रसायनं वेगळी करून ओळखायची) पद्धत घालून दिली. पण नुसत्या रसायनाच्या फरकावर वेगळी जात मानायची का, यावर एकमत झालं नाही. 'जात' म्हटलं तर आपण एक बाजू घेतो, 'वाण' म्हटलं तर दुसरी. 'शैवाक'बद्दलही एक सांगते. नामकरणाच्या नियमांनुसार लायकेनला दिलेलं शास्त्रीय नाव त्यातल्या बुरशीचं असतं, शैवलाचं नाव वेगळं. ही आम्लंही बुरशीच बनवते.

जुना मास्तर:
हे मान्य. पण म्हणून शैवलाला शब्दातून घालवू नका. अन्न तेच शिजवतं.

हळदपेठ, सांगली:
शिजवणारीचं नाव दारावर नसतं, ते हेच होय.

घाटमाथा:
काल राजवाड्याजवळून पन्नास ग्रॅम दगडफूल आणलं आणि सात तुकड्यांवर थेंब टाकला. पाच लाल झाले, दोन पिवळ्यावर थांबले. पुडीवर एकच शब्द होता. फलक शुक्रवारी छपाईला जातोय, तूर्त 'केमोटाइप'च ठेवलंय, शेजारी कंसात 'वाण' की 'गुणभेद' ते ठरेना.

मिरजेची:
वाण!

जुना मास्तर:
कंसात काहीही लिहा, पण मथळ्यात शैवाक हवं.

हळदपेठ, सांगली:
पन्नास ग्रॅमला काय भाव लावला? आमच्याकडे यंदा माल आलाय त्यात निम्मी सालच आहे.