मदत हवी आहे: बाबांचं प्रोस्टेट, ऑपरेशन की शेक? (अर्जंट)

घाटवाट: बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. सर्जन म्हणतात रोबोटिकने काढून टाका, रेडिएशनवाले म्हणतात ऑपरेशन कशाला, शेक देऊ. सोमवारपर्यंत कळवायचंय. कोणाचं ऐकू?

मुळाकाठ: वय? पीएसए (रक्ततपासणीतला प्रोस्टेटचा आकडा)? ग्लीसन (बायोप्सीत कॅन्सर किती जोरदार ते सांगणारा स्कोअर)? काहीच न सांगता कसं सांगणार.

घाटवाट: सॉरी. ६८, पीएसए ११, ग्लीसन ७, बोन स्कॅन क्लिअर, हाडांत पसरलेला दिसत नाही.

मुळाकाठ: ग्लीसन दोन आकड्यांची बेरीज असते, ३+४ की ४+३? बेरीज एकच पण दुसरा जास्त वाईट.

आजोबा७४: मी २०१६ ला काढून टाकलं, डोक्याचा ताप गेला. शिंकलो की अजून लघवीचे दोन थेंब गळतात, चालतंय.

खमंग: रोज जवस आणि टोमॅटो द्या, माझ्या मेव्हण्याचा पीएसए उतरला.

मुळाकाठ: मेव्हण्याला कॅन्सर होता?

खमंग: नाही, प्रोस्टेटची ग्रंथी नुसती वाढली होती. पण पीएसए तोच ना!

सई_ठाणे: @आजोबा७४ सगळ्यांचं दोन थेंबांवर भागत नाही हो. आणि शेकही सोपा नाही, सासऱ्यांना नंतर वर्षभर शौचातून रक्त जायचं. सर्जन सुरीच सांगणार, शेकवाला मशीनच. ब्रिटनच्या प्रोटेक्ट ट्रायलमध्ये १६४३ जण होते, ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसतं लक्ष ठेवणं, १५ वर्षांनी तिन्हीकडे या कॅन्सरने गेलेले साधारण ३ टक्केच.

मुळाकाठ: त्यात बहुतेक ग्लीसन ६ वाले होते, ते इथे जसंच्या तसं लावू नका.

पॉलिसीवाला: काही मेडिक्लेममध्ये रोबोटिकला लिमिट असते, आधी ते बघा.

घाटवाट: पैशाचं विचारलं नाहीये. ३+४ आहे.

सई_ठाणे: बाबा काय म्हणतात पण? गळती, शेकाच्या रोजच्या खेपा, लैंगिक संबंधांचा त्रास, भोगायचं त्यांना आहे.

घाटवाट: त्यांना फक्त गाठ आहे एवढंच सांगितलंय. बीपी आहे, घाबरतील.

सई_ठाणे: मग सही कोण करणार??

आजोबा७४: माझ्या पोरांनीही असंच केलं होतं. ओपीडीच्या दारावरची पाटी मला वाचता येते हो. दोन महिने मी त्यांच्यासमोर काही माहीत नसल्यासारखा वागलो, कॅन्सरपेक्षा त्याचाच वैताग जास्त.

घाटवाट: बरं, आज बोलतो. पण सोमवारचं काय?

मुळाकाठ: फोन करा, दोन आठवडे मागा. ३+४ ला तेवढ्याने सहसा काही बिघडत नाही, डॉक्टरांनाच विचारून घ्या. मग बाबांना घेऊन दोघांकडे परत जा, या वेळी त्यांना बोलू द्या.

खमंग: जवस भाजून द्या, कच्चं नको.