अलीकडचे जपानी लाइव्ह-ॲक्शन चित्रपट : संथपणाचे आपण जरा जास्तच कौतुक करतो का?

तिसरी_घंटा :
गेल्या चार-पाच वर्षांतले जपानी लाइव्ह-ॲक्शन (म्हणजे ॲनिमेशनपट नसलेले) चित्रपट मी सध्या पाहत आहे. त्यांच्याविषयीची माझी मते मांडून इतरांची जाणून घ्यावीत, असा हेतू आहे. रियुसुके हामागुची यांचा ‘ड्राइव्ह माय कार’ (२०२१) मला या सर्वांत उजवा वाटला. जवळजवळ तीन तासांच्या या चित्रपटात सुरुवातीची श्रेयनामावली सुमारे चाळीस मिनिटे उलटल्यावर येते, आणि तोवर जे घडून गेलेले असते त्याचे ओझे नायक काफुकु थेट हिरोशिमापर्यंत वाहून नेतो. दिवंगत पत्नीच्या आवाजातील, चेखॉव्हच्या ‘अंकल वान्या’ नाटकाची ध्वनिफीत गाडीत लावून तो तिच्या वाक्यांना आपले संवाद जोडत राहतो. शोक दाखवण्याची इतकी समर्थ रीत मी क्वचितच पाहिली आहे.

याउलट ‘परफेक्ट डेज’ (२०२३) पाहताना मी अस्वस्थ झालो. कोजी याकुशो यांना कान महोत्सवात मिळालेले सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक रास्तच आहे. परंतु सार्वजनिक शौचालये साफ करणाऱ्या माणसाच्या पूर्ण चित्रपटात खरी घाण एकदाही दिसू नये, हे मला खटकले. जपानी चित्रपट संथ आणि शांत असला की आपण परीक्षक म्हणून आपोआप नरमतो, अशी शंका मला येते. आपले मत काय?

खिडकीजवळची_जागा :
तुमचा आक्षेप मला मान्य आहे, मात्र तो जपानी चित्रपटसृष्टीच्या खात्यावर मांडण्यापूर्वी ‘परफेक्ट डेज’चे दिग्दर्शक विम वेंडर्स हे जर्मन आहेत, हे लक्षात घ्यावे लागेल. टोकियोच्या शिबुया भागात तादाओ आंदो, शिगेरु बान यांच्यासारख्या नामवंत वास्तुरचनाकारांकडून सार्वजनिक शौचालये बांधून घेण्यात आली. त्या प्रकल्पावर लघुपट करण्याचे निमंत्रण वेंडर्स यांना मिळाले आणि त्यातून हा पूर्ण लांबीचा चित्रपट उभा राहिला. तेव्हा शौचालये इतकी देखणी का दिसतात, याचे उत्तर चित्रपटाच्या जन्मकथेतच आहे.

सफाई करणाऱ्या नायकाची, हिरायामाची, बहीण चालक असलेल्या मोटारीतून येते, त्या एका प्रसंगातून तो सधन घरातला असून हे काम त्याने स्वतः पत्करले असावे, असे सूचित होते. आपल्याकडे सफाईचे काम कोणाच्या वाट्याला येते आणि ते निवडण्याची किंवा नाकारण्याची मोकळीक किती जणांना असते, हे ठाऊक असलेल्या मराठी प्रेक्षकाला ही निवड सहजासहजी गोड वाटणार नाही. तरीही एका बाबतीत मी चित्रपटाची बाजू घेईन. सहकारी अचानक काम सोडून जातो आणि हिरायामाला दुप्पट काम ओढावे लागते, तेव्हा तो फोनवर चक्क चिडतो. त्याचे समाधान कामाच्या तासांवर अवलंबून आहे, हे वेंडर्स यांना कळलेले आहे. फक्त त्या बाजूला ते फार वेळ थांबत नाहीत.

रंगपट :
‘संथ आणि शांत’ हे वर्णनच मला अपुरे वाटते. हामागुची यांचे चित्रपट शांत नाहीत. ते बोलण्याने भरलेले आहेत. ‘ईव्हिल डज नॉट एग्झिस्ट’ (२०२३) मधली ग्रामसभा आठवून पाहा. टोकियोहून आलेले कंपनीचे दोन प्रतिनिधी पर्यटकांच्या आलिशान तंबूंची योजना समजावू लागतात आणि गावकरी मैलापाण्याच्या टाकीची क्षमता व जागा यांवरून त्यांना शांतपणे निरुत्तर करतात. वरच्या अंगाला केलेल्या गोष्टीचे परिणाम खालच्या अंगाला भोगावे लागतात, हा मुद्दा तेथे कोणतेही भाषण न करता येतो. कोकणातल्या एखाद्या प्रकल्पाच्या जनसुनावणीचे वृत्त वाचलेल्या कोणालाही हा प्रसंग परका वाटू नये. शेवट मात्र मला अजूनही पचलेला नाही. दिग्दर्शकाने तो मुद्दाम तुटक ठेवला, एवढ्याने तो समर्थनीय ठरत नाही.

शिवाय महोत्सवांतून आपल्यापर्यंत पोहोचणारा जपान आणि जपानी प्रेक्षक तिकीट काढून पाहतो तो जपान यांत अंतर आहे. ली सांग-इल यांचा ‘कोकुहो’ (२०२५) हा काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातील स्त्रीपार्टी नटांवरचा, तीन तासांना थोडा कमी असलेला चित्रपट आहे. २००३ पासून ‘बेसाइड शेकडाउन २’च्या नावावर असलेला १७ अब्ज ३५ कोटी येनचा, जपानी लाइव्ह-ॲक्शन चित्रपटाच्या देशांतर्गत कमाईचा विक्रम त्याने मोडला. यात खून आहे, मत्सर आहे, अश्रू आहेत, आणि संथपणा जवळजवळ नाही. याकुझा (जपानी गुन्हेगारी) टोळीप्रमुखाचा मुलगा किकुओ ओसाकातील नटाच्या घरी वाढतो, आणि गुरू मोठी भूमिका स्वतःच्या मुलाला, शुनसुकेला, न देता किकुओला देतो. प्रयोगाआधी किकुओचे हात इतके थरथरतात की त्याला स्वतःची रंगभूषा पुरी करता येत नाही, तेव्हा ज्याची संधी हुकली तो शुनसुकेच त्याचा चेहरा रंगवून देतो. बालगंधर्वांच्या आख्यायिका ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना या प्रसंगाला टिपणांची गरज नाही. फरक इतकाच, की आपल्याकडे स्त्रिया रंगभूमीवर आल्या आणि स्त्रीपार्टांची परंपरा मावळली. काबुकीत १६२९ मध्ये स्त्रियांना बंदी झाली आणि मुख्य प्रवाहात ती भूमिका आजही पुरुषच करतात.

तिसरी_घंटा :
अंतराचा मुद्दा मान्य. ‘कोकुहो’ मीही पाहिला आहे, आणि रंगमंचावरील दृश्यांपुढे मी नमलो. परंतु त्यातील स्त्रिया प्रतीक्षा करण्यापलीकडे फारसे काही करत नाहीत. स्त्रीत्वाच्या अभिनयावर तीन तास खर्च करणाऱ्या चित्रपटात ही उणीव मोठीच म्हणावी लागेल.

रंगपट :
ती उणीव आहेच, तिचे समर्थन मी करणार नाही. चिए हायाकावा यांचा ‘प्लॅन ७५’ (२०२२) पाहिला नसल्यास अवश्य पाहा. पंचाहत्तरी गाठलेल्यांना सरकारच इच्छामरणाची सोय देऊ करते, अशी त्यातली कल्पना आहे. तोही संथ आहे, पण हॉटेलातील सफाईचे काम हातचे गेल्यावर घर आणि काम शोधत फिरणारी, चिएको बाइशो यांनी साकारलेली वृद्धा पाहिल्यावर ‘परफेक्ट डेज’विषयीची तुमची तक्रार अधिक नेमकी होईल, असे वाटते.