मदत हवी आहे : माझे प्रकरण दुसऱ्याच्या पीएच.डी. प्रबंधात, जाहीर करावे की तक्रार करावी?

विट्याची_लेक (धागाकर्ती)
शोधगंगेवर (पीएच.डी. प्रबंधांच्या महाजालावरील संग्रहात) प्रतिसरकारवरील एक प्रबंध वाचत असताना तिसरे प्रकरण ओळखीचे वाटले आणि चार पाने उलटल्यावर ते माझेच असल्याचे लक्षात आले. भूमिगतांना रात्री भाकरी पोहोचवणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखती, त्यांचा क्रम, अगदी माझी वाक्येसुद्धा तिथे आहेत. संदर्भसूचीत मात्र माझे नाव नाही. पत्र लिहून चार महिने झाले, उत्तर नाही. दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून नावानिशी जाहीर करावेत, असे आता वाटते. असे कोणी केले आहे का? कृपया लवकर सांगावे.

कृष्णाकाठ
ताई, पत्र कोणाला लिहिले, हे आपण सांगितलेले नाही. संबंधितांना पदवी मिळाली आहे का, आपले लेखन छापील आहे का आणि ते आधीचे असल्याचा पुरावा काय, हे कळल्याशिवाय सल्ला देणे अवघड आहे.

शोधार्थी_सातारा
प्रबंधाच्या इतर मजकुराशी जुळणीचे (संगणकाने मोजलेले) प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आणायचे असेल तर तपासणीच्या वेळी अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश वगळण्यास सांगावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार ते वगळता येतात. मी तसेच केले होते.

विट्याची_लेक
मी प्रबंध सादर करत नाही. माझ्या लेखनाची चोरी झाली आहे.
पत्र त्यांच्या मार्गदर्शकांना लिहिले होते. मी स्वतः दूरध्वनी केला तेव्हा "त्यांच्या बढतीचा प्रश्न आहे, मनावर घेऊ नका" एवढेच ते म्हणाले. माझा एम.फिल.चा लघुप्रबंध १९९७ सालचा, टंकलिखित आहे. एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि एक माझ्याकडे आहे. मुलाखतींच्या वह्याही आहेत. त्यांना २०२० मध्ये पदवी मिळाली. प्रबंधाला आठ टक्के जुळणीचे प्रमाणपत्र जोडलेले आहे आणि मला त्याचीच धास्ती वाटते.

शोधार्थी_सातारा
आठ टक्के म्हणजे २०१८ च्या नियमांप्रमाणे किरकोळ साम्य. त्याला शिक्षा नाही. विषय संपला.

निवृत्त_प्राध्यापक_सांगली
विषय संपलेला नाही. संगणकप्रणाली तिच्या साठ्यात असलेल्या मजकुराशीच तुलना करते. टंकलिखित लघुप्रबंध त्या साठ्यात नसेल तर तो शब्दशः उतरवला तरी जुळणी शून्य दिसेल. मराठीत हे अधिकच घडते, कारण आपले अनेक जुने प्रबंध एक तर छायाप्रती आहेत किंवा युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत आणि ती अक्षरे यंत्राला वाचताच येत नाहीत. इंग्रजीतून मराठीत आणलेला मजकूरही असाच निसटतो. मी अनेक वर्षे प्रबंध तपासले आहेत. ते प्रमाणपत्र म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. शेवटी दोन प्रती समोर ठेवून माणसालाच वाचावे लागते.
आपल्या लघुप्रबंधातली एखादी चूक त्यांच्याकडे जशीच्या तशी आली आहे का, ते पाहावे. यापेक्षा बोलका पुरावा नाही.

विट्याची_लेक
चूक नाही, पण एक गोष्ट आहे. मी लिहिले तेव्हा पलूस तालुका झालेला नव्हता, त्यामुळे त्या भागातली गावे मी तेव्हाच्या तालुक्यात दाखवली होती. त्यांनी २०२० मध्ये "आजच्या" तालुक्यांची म्हणून तीच विभागणी दिली आहे.

माणदेशी
मग वाट कसली पाहता? जर्मनीचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांच्या प्रबंधाची उचलेगिरी २०११ मध्ये लोकांनीच महाजालावर पान-पान लावून दाखवली. बायरॉइट विद्यापीठाने काही दिवसांतच पदवी काढून घेतली आणि मार्चमध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. बंद दाराआड चौकशी झाली असती तर हे घडले नसते. पैसे जनतेचे, पदवी जनतेसमोर, तर उघडकीसही जनतेसमोरच आले पाहिजे.

कृष्णाकाठ
मी असहमत आहे. तिथेही लोकांनी पाने लावली, निर्णय मात्र विद्यापीठाने दिला. शिक्षणमंत्री शावान यांची १९८० च्या प्रबंधावरील पदवी ड्युसेलडॉर्फ विद्यापीठाने २०१३ मध्ये रद्द केली, तीही रीतसर चौकशीनंतर. शिवाय मंत्री आणि तालुक्याच्या गावचा प्राध्यापक यांत फरक आहे. आरोप सिद्ध होण्याआधी नाव फिरले तर त्याची मुलेबाळेही त्यात भरडली जातात आणि ताईंवर अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकतो तो वेगळाच.

माणदेशी
ताईंनी चार महिने शांतच राहून पाहिले. त्याचे फळ काय मिळाले?

निवृत्त_प्राध्यापक_सांगली
चार महिने तक्रार झालेलीच नाही; मार्गदर्शकांना लिहिलेले पत्र म्हणजे तक्रार नव्हे. नियमांनुसार ती पुराव्यासह विभागाच्या समितीकडे जाते. समितीने पंचेचाळीस दिवसांत अहवाल द्यावा आणि संस्थेच्या समितीने पुढील पंचेचाळीस दिवसांत, असे त्यात आहे. पदवी मिळाल्यानंतर चोरी सिद्ध झाली तर पदवी काही काळ स्थगित ठेवण्याची तरतूद आहे. मला ती अपुरी वाटते. म्हणूनच निकाल लागल्यावर तो जाहीर व्हावा याच्या बाजूने मी आहे, त्याआधी नाही.
ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीतील आपल्या प्रतीची तारीख लेखी घ्यावी. तोंडी उत्तर मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

विट्याची_लेक
सोमवारी ग्रंथालयात जाते. नाव जाहीर करण्याचा विचार तूर्त थांबवला आहे.
एक गोष्ट मात्र अजून लिहिली नव्हती, कारण ती मला स्वतःला उघड वाटत होती. मी त्या सात जणींची नावे, गावे आणि मुलाखतीची तारीख दिली होती. या प्रबंधात त्या सगळ्या "एक वृद्ध स्त्री" झाल्या आहेत. आज त्यांतली एकही हयात नाही. माझे नाव नसले तर मी भांडू शकते. त्यांनी कोणाकडे जायचे? हे तक्रारीत कोणत्या कलमाखाली बसते?

निवृत्त_प्राध्यापक_सांगली
कलम शोधत बसू नका. मागणी म्हणून स्वतंत्र परिच्छेदात लिहा की शोधगंगेवरील प्रतीला दुरुस्तीपत्र जोडून सातही नावे गावांसह नोंदवावीत. नावांची यादी अर्जातच द्या, परिशिष्टात नको. परिशिष्टे गहाळ होतात. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.