काठी दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात का धरायची? जैवयांत्रिकीविषयी एक प्रश्न

प्रश्न – अबोली

नमस्कार. माझे वडील सत्तर वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला आणि आता ते वॉकर सोडून काठीवर आले आहेत. फिजिओथेरपिस्ट ताईंनी काठी डाव्या हातात धरायला सांगितली, तेव्हा बाबांना ते मुळीच पटले नाही. संध्याकाळी बाकावर भेटणाऱ्या त्यांच्या मित्रांचेही म्हणणे असे, की जो पाय अधू त्याच बाजूला आधार हवा. ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी काठी आधी उजव्या आणि मग डाव्या हातात देऊन बाबांना आठ-दहा पावले चालायला लावली. उजव्या हातात काठी असताना बाबांचे धड प्रत्येक पावलाला उजवीकडे कलत होते. डाव्या हातात घेतल्यावर खांदे बरेचसे सरळ राहिले. ताई एवढेच म्हणाल्या, "काका, हे बायोमेकॅनिक्स आहे."

मी वाणिज्य शाखेची आहे आणि शाळेत शिकलेल्या तरफांच्या पलीकडे माझे भौतिकशास्त्र गेलेले नाही. बाबा त्या काठीवर फार तर चार-पाच किलोचा जोर देत असतील. साठ किलोच्या माणसाला एवढ्याशा आधाराने असा काय फरक पडतो? आणि ज्याला बायोमेकॅनिक्स किंवा जैवयांत्रिकी म्हणतात ते शास्त्र नेमके कशाचे, ते कधी सुरू झाले आणि त्याचा उपयोग कुठे कुठे होतो, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर – पाऊलवाट

मी गेली अठरा वर्षे फिजिओथेरपी करते आहे आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी रुग्णांचे नातेवाईक विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

सजीवांच्या शरीरावर आणि शरीराच्या आत जी बले काम करतात, त्यांचा आणि त्यांतून घडणाऱ्या हालचालींचा यंत्रशास्त्राच्या नियमांनी केलेला अभ्यास म्हणजे जैवयांत्रिकी. व्याख्या एवढीच आहे; ती डोक्यात बसते ती मात्र खुब्यासारख्या एखाद्या सांध्याचा हिशोब मांडल्यावर.

चालताना आपण प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर उभे असतो. बाबा उजव्या पायावर उभे आहेत आणि डावा पाय पुढे येतो आहे, असे समजा. त्या क्षणी त्यांचे कटीर, म्हणजे कमरेखालचे हाडांचे कडे, उजव्या खुब्यावर टेकलेले असते, जशी सीसॉची फळी मधल्या टेकूवर टेकते. या फळीच्या आतल्या बाजूला शरीराचे वजन आहे आणि बाहेरच्या बाजूला खुब्याच्या कडेचे स्नायू आहेत, ज्यांत ग्लुटिअस मिडिअस हा मुख्य. वजन कटीराला डावीकडे खाली पाडू पाहते आणि स्नायू ते ओढून धरतात.

अडचण अंतराची आहे. स्नायूंची ओढ सांध्याच्या मध्यापासून जेमतेम 5 सेंटीमीटरवर असते आणि वजनाची रेषा साधारण 10 सेंटीमीटरवर पडते. साठ किलोच्या माणसात टेकलेला पाय वगळला तर सुमारे 50 किलो वजन तोलायचे उरते. अंतर दुप्पट, म्हणून स्नायूंना 100 किलोची ओढ द्यावी लागते, आणि टेकूवर, म्हणजे सांध्यावर, दोन्हींची बेरीज येते: 150 किलो. नुसते एका पायावर उभे राहिले तरी खुब्यावर वजनाच्या अडीच पट भार असतो, हे ऐकून माझ्यासमोर बसलेली माणसे हमखास चमकतात.

आता काठी डाव्या हातात द्या. ती सांध्यापासून सुमारे 40 सेंटीमीटर दूर टेकते. बाबांनी तिच्यावर फक्त 5 किलोचा जोर दिला, तरी अंतर मोठे असल्यामुळे त्याचे आघूर्ण, म्हणजे बल गुणिले टेकूपासूनचे अंतर, 200 होते. वजनाचे आघूर्ण 50 गुणिले 10 म्हणजे 500 होते; त्यातले 200 काठीने उचलले. उरलेले 300 स्नायूंच्या 5 सेंटीमीटरने भागले की ओढ 60 किलोवर येते, आणि सांध्यावरचा भार 60 अधिक 45 (वजनाच्या 50 पैकी 5 काठीने उचलले), म्हणजे 105 किलो. पाच किलोच्या टेक्याने 45 किलोंचे ओझे उतरले. काठी त्याच बाजूला धरली तर हे लांब अंतर मिळतच नाही. मग माणूस सगळे धड काठीवर कलंडवून भार कमी करू पाहतो, आणि बाबांचे खांदे कलत होते ते यामुळेच. त्यात खुब्याला थोडा आराम मिळतो, पण चाल वाकडी होते आणि त्याची किंमत कंबर मोजते.

उत्तर – तरफ

पाऊलवाट यांनी मांडलेला हिशोब सोपा करून घेतलेला आहे, परंतु तो प्रत्यक्षाच्या फार जवळ जातो, हे मुद्दाम नोंदवतो. बर्लिनमधील संशोधकांनी कृत्रिम खुब्याच्या आतच बलमापक बसवून रुग्ण चालत असताना मोजमापे घेतली, तेव्हा सपाट जमिनीवर सावकाश चालताना सांध्यावर सरासरी वजनाच्या सुमारे 2.4 पट भार आढळला आणि जिना चढता-उतरताना तो आणखी थोडा वाढला. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रशास्त्र शिकवतो आणि प्रश्नातल्या इतिहासाच्या भागाबद्दल लिहू इच्छितो, कारण त्या इतिहासात मला सर्वात जास्त आवडणारा माणूस बसलेला आहे.

प्राण्यांच्या चालण्याविषयी अ‍ॅरिस्टॉटलनेही लिहिले होते. पण हाडांकडे बांधकामाचे साहित्य म्हणून पहिल्यांदा पाहिले ते गॅलिलिओने. 1638 साली लायडन येथे छापलेल्या ग्रंथात त्याने दाखवले, की प्राण्याचा आकार वाढला की वजन लांबीच्या घनाने वाढते, हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र वर्गानेच वाढते. म्हणून मोठ्या प्राण्याचे हाड नुसते लांब होऊन चालत नाही, ते प्रमाणाबाहेर जाड व्हावे लागते. हत्तीच्या आणि हरणाच्या पायांत दिसणारा फरक हाच आहे.

माझा आवडता माणूस म्हणजे त्याच परंपरेतला जिओव्हानी आल्फोन्सो बोरेली. त्याचा जन्म 1608 साली नेपल्सचा. तो गणिती होता आणि पिसा येथे असताना मालपिगी या शरीररचनाशास्त्रज्ञाचा त्याला सहवास लाभला. प्राण्यांच्या हालचालींवरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1680 आणि 1681 मध्ये, दोन भागांत रोम येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या आधीच्या विद्वानांची समजूत अशी होती, की लहानशा बलाने मोठे ओझे उचलण्याची सोय निसर्गाने स्नायूंत केलेली आहे. बोरेलीने हिशोब मांडून नेमके उलटे सिद्ध केले. भरलेली दहा किलोची बादली कोपर काटकोनात ठेवून धरा. दंडाचा स्नायू पुढच्या हाताला कोपरापासून 4-5 सेंटीमीटरवर जोडलेला आहे आणि बादली 35 सेंटीमीटरवर लोंबते आहे, म्हणून स्नायूला सत्तर-ऐंशी किलोची ओढ लावावी लागते. शाळेत चिमटा दाखवून शिकवतात ती तिसऱ्या प्रकारची तरफ हीच. तिच्यात बलाचा तोटा असतो, पण स्नायू सेंटीमीटरभर आखडला की हात सात-आठ सेंटीमीटर फिरतो. आपले शरीर ताकद खर्च करून वेग आणि पल्ला विकत घेते, ही गोष्ट साडेतीनशे वर्षांपूर्वी त्याने आकृत्यांसह मांडली. माणसाचा गुरुत्वमध्य शोधण्यासाठी त्याने माणसाला फळीवर निजवून ती फळी धारेवर तोलली. इतक्या साध्या साधनाने इतके मूलभूत उत्तर मिळवणे मला आजही थक्क करते, आणि दर वर्षी पहिल्या तासाला मी वर्गात तोच प्रयोग करवून घेतो.

मधला मोठा काळ भरभर ओलांडतो. एकोणिसाव्या शतकात मायब्रिजने धावत्या घोड्याची आणि मारे याने माणसांची व पक्ष्यांची लागोपाठ छायाचित्रे घेतली, त्यामुळे डोळ्याला न दिसणारी हालचाल कागदावर मोजता येऊ लागली. त्याच शतकात झुरिचमध्ये कुलमान नावाच्या अभियंत्याने मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला. आतल्या बारीक तंतूंची मांडणी त्याला, तो क्रेनच्या आकृतीत काढत असे त्या ताण-दाबाच्या रेषांसारखी दिसली. पुढे 1892 साली यूलिउस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने तत्त्व मांडले, की हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःला घडवत राहते. अंतराळवीरांची हाडे विरळ होतात ती याच कारणाने. अबोलीताई, तुमच्या बाबांना डॉक्टर जे रोज चालायला सांगत असतील, त्यामागेही हे तत्त्व आहे.

प्रतिसाद – अबोली

दोघांचेही मनापासून आभार. पाऊलवाट यांचा हिशोब मी कागदावर मांडून बाबांना दाखवला. त्यांनी तो स्वतः पुन्हा करून पाहिला आणि सकाळपासून काठी डाव्या हातात आहे. आता त्यांचा पुढचा प्रश्न: देवापुढे पाटावर मांडी घालून बसायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. साठ वर्षांची सवय सुटणे त्यांना फार जड जात आहे. यामागेही असाच काही हिशोब आहे का?

उत्तर – पाऊलवाट

आहे, आणि तोही तरफेचाच आहे. कृत्रिम सांध्यात वाटीत बसलेला गोळा असतो आणि गोळ्याखाली दांड्याची मान असते. जमिनीवर बसताना आणि विशेषतः उठताना खुबा काटकोनाच्याही पुढे वाकतो. तेव्हा ती मान वाटीच्या काठावर टेकते, काठ टेकू बनतो आणि गोळा उचकटून वाटीबाहेर निघू पाहतो. सुरुवातीच्या महिन्यांत भोवतीचे आवरण पुरते भरून आलेले नसते, म्हणून तेव्हा धोका अधिक असतो.

यात गोळ्याच्या आकाराची भूमिका मोठी आहे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी 1962 साली पॉलिएथिलीन या प्लास्टिकच्या वाटीत पोलादी गोळा बसवला आणि आजच्या खुबा-शस्त्रक्रियेचा पाया घातला. त्यांनी गोळा मुद्दाम लहान, सुमारे 22 मिलिमीटरचा घेतला, कारण त्रिज्या कमी असली की घर्षणाचे आघूर्ण कमी होते आणि वाटी सैल होण्याची शक्यता घटते. शिवाय त्यांनी वाटी आतल्या बाजूला सरकवली आणि कडेच्या स्नायूंची जोडणी बाहेर नेली; म्हणजे आपण वर मांडलेल्या हिशोबातले 10 सेंटीमीटर घटवले आणि 5 सेंटीमीटर वाढवले. लहान गोळा मात्र थोड्या अंतरातच वाटीबाहेर पडू शकतो. आता प्लास्टिक अधिक टिकाऊ झाल्यामुळे 32 किंवा 36 मिलिमीटरचे गोळेही वापरतात, ज्यांना बाहेर पडायला जास्त अंतर कापावे लागते. तुमच्या बाबांना कोणता गोळा बसवला आहे आणि शस्त्रक्रिया पुढून केली की मागून, यावर मांडी घालून बसण्याचे उत्तर अवलंबून आहे. ते शल्यचिकित्सकांनाच विचारा. तोवर देव्हाऱ्यासमोर गुडघ्यापेक्षा उंच, हातांची खुर्ची ठेवा.

बाबांची हळहळ मला समजते. आपल्याकडचे जगणे जमिनीला धरून आहे आणि उपकरण घडवणाऱ्याने ते लक्षात घ्यावेच लागते. जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1968 च्या सुमारास रबरी पाऊल घडवले ते यासाठीच. परदेशी धर्तीचे ताठ कृत्रिम पाऊल बुटाशिवाय वापरता येत नव्हते आणि त्यावर उकिडवे बसता येत नव्हते. जयपूर पाऊल घोट्यात सर्व बाजूंना वळते, अनवाणी चालते आणि शेताच्या ढेकळांतही टिकते.

जाता जाता काठीची उंची तपासा. बाबा चप्पल घालून, हात सैल सोडून उभे राहिले असता काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. काठी आणि उजवा पाय एकाच वेळी पुढे टाकायचा. जिना चढताना डावा पाय आधी, उतरताना काठी आणि उजवा पाय आधी. खालचे रबरी बूच गुळगुळीत झाले असेल तर आजच बदला.