मोडीची बाराखडी पाठ झाली, पण खरेदीखत वाचता येईना

वाईकर_वाहक
वय ६१. एसटीत २८ वर्षं वाहक होतो, आता निवृत्त. आजोबांच्या ट्रंकेत सात मोडी कागद निघाले. चार महिने रोज पहाटे यूट्यूबवर मोडी शिकतोय. मुलीने फोनवर ॲप टाकून दिलंय, गिरवून गिरवून तीन वह्या संपल्या. ॲपच्या परीक्षेत २५ पैकी २३ पडले. आणि खरा कागद उघडला की वरच्या 'श्री'पलीकडे काही म्हणता काही लागत नाही. बाजारच्या दिवशीच्या गाडीत उतारू उभे असावेत तशी अक्षरं एकमेकांत घुसलेली. धाकटा म्हणाला, एआयला विचारा. विचारलं. आधी म्हणालं गहाणखत, दुसऱ्यांदा त्याच फोटोला म्हणालं लग्नपत्रिका! माझं काय चुकतंय?

बोरू_आणि_दौत
तुमचं काही चुकत नाही. ॲपात दिसतो तो फॉन्ट. मोडी २०१४ साली युनिकोडमध्ये आली, तेव्हापासून टाइप करता येते, पण फॉन्टात प्रत्येक अक्षर सुटं, शहाण्यासारखं बसलेलं. कारकून आधी कागदभर रेघ ओढायचा आणि मग हात न उचलता तिच्याखाली लिहीत सुटायचा. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही.
म्हणून वरून खाली वाचूच नका. खरेदीखत असेल तर त्यात चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते, असणारच. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. चौघांचं शेपूट एकच, 'स'. ते जवळजवळ चार वेळा कुठे येतंय ते आधी हुडका. मग गावाचं नाव, मग तुमचं आडनाव. ही तर तुम्हाला माहीतच आहेत. सापडलेलं प्रत्येक अक्षर जसंच्या तसं वहीत उतरवा. त्या कारकुनाची स्वतःची बाराखडी तयार होईल. ॲपची विसरा.

लेस्टरची_माई
माझे कागद सांगलीला, मी इकडे. भाऊ व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा, मोठा करून पाहिला की सगळं फरकटलेलं. फोटो म्हणून पाठवला की ते दाबून लहान करतं, हे मला सहा महिन्यांनी कळलं! 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. फ्लॅश नको, खिडकीशी सकाळच्या उजेडात काढा. ओळीओळीचा वेगळा फोटो.

जुनं_खोड
मोबाईलवर मोडी म्हणजे पुस्तक वाचून पोहणं. सरकारी जुने कागद सांभाळणारे पुराभिलेखवाले वर्ग घेतात, तिथे जा. गुरुजींनी मान हलवली की चूक कळते.

वाईकर_वाहक
खोडसाहेब, वर्ग निघाला की जाणार आहे, पण तोवर काय ट्रंकेला कुलूप लावून बसू?
बोरूदादा, सापडलं! कालची रात्र त्यातच गेली. चार 'स' एकाखाली एक नाहीत, दीड ओळीत सलग आहेत, म्हणून दिसत नव्हते. 'दक्षिणेस'च्या पुढे 'ओढा'. तो ओढा अजून आहे हो, पावसाळ्यात आमचा बांध खातो. पूर्वेस कुणाचं तरी नाव, पण नेमकं घडीवर फाटलंय. पश्चिमेस 'पांद', म्हणजे शेताकडची वाट, असावं. उत्तरेसच्या पुढे तीन अक्षरं आहेत, मधलं 'र' वाटतंय. माईंनी सांगितलं तसा डॉक्युमेंट करून टाकतोय. बरोबर-चूक एवढंच सांगा, शब्द कुणी फोडू नका. रविवारपर्यंत मला वेळ द्या.